दाखल्यांतले शेत कुणाचे?

येशूच्या दाखल्यांवरचे, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथांवरचे, कुठलेही प्रवचन ऐका, पहिल्या पाच मिनिटांत शेत नाहीसे होते. पेरणारा म्हणजे देव, बी म्हणजे देवाचे वचन, पायवाट म्हणजे निबर मन, खडकाळ जागा म्हणजे उथळ मन, काटेरी झुडपे म्हणजे प्रपंचाच्या चिंता, आणि चांगली जमीन म्हणजे अर्थातच समोर बसलेले श्रोते. यादी पुरी झाली की माती, पाखरे, ऊन, कणसे यांचे काम संपले. गणपती गेल्यावर मखर माळ्यावर टाकावे तसे सगळे आवरून ठेवले जाते.

गेल्या काही दशकांत दुसरी एक तऱ्हा रूढ झाली आहे. रानातली फुले पाहा, आकाशातली पाखरे पाहा, एवढी दोन वाक्ये पर्वतावरच्या प्रवचनातून उचलायची आणि येशूला पहिला पर्यावरणवादी ठरवायचे. या वाचनात माती परत येते खरी, पण ती चित्रातली माती असते. तिचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो, तिच्यावर खंड नसतो, कर्ज नसते, तिच्यात घाम गाळणारे कुणी नसते.

माझे म्हणणे असे की या दोन्ही वाचनांनी दाखल्यांचा निसर्ग हातचा घालवला आहे. तो निसर्ग रानातला नाही, वावरातला आहे. नांगरलेला, कुणाच्या तरी मालकीचा, पावसावर आणि सावकारावर अवलंबून असलेला. पहिल्या शतकातल्या गालीलात, येशूच्या मुलखात, हेरोद अंतिपाच्या राज्यात राहणाऱ्या माणसांना ही शेते ओळखीची होती. त्यांना गोष्ट ऐकताना काय दिसले असेल, हे आधी नीट पाहिल्याशिवाय तिचा आध्यात्मिक अर्थ लावू नये. हा पंडितांपुरता वाद नाही. एका तणाचा अर्थ कसा लावला यावर युरोपात माणसे जिवंत जाळली जाण्याचे समर्थन झाले आहे आणि त्याच तणाच्या आधारे त्याला विरोधही झाला आहे. त्याकडे येतोच.

आधी आपल्याकडच्या एका सवयीबद्दल. मराठी वाचकाला यादीची तऱ्हा पटकन जवळची वाटते. चक्रधरस्वामींच्या निरूपणातले दृष्टांत केशिराजबासांनी एकत्र केले, त्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत आणि त्यांची मांडणी ठरलेली आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टांताचा उलगडा. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट तिथेही आहे, आणि ती कशासाठी सांगितली हे लगेच उलगडूनही दिले आहे. कीर्तनातही आपण हेच ऐकत आलो. गोष्ट आली की कान दार्ष्टान्तिकाची वाट पाहू लागतात. महानुभाव परंपरेत ते रास्तच आहे, कारण तिथे सूत्र आधी आहे आणि दृष्टांत त्याच्या सेवेला आहे.

येशूच्या बहुतेक दाखल्यांना मात्र असे दार्ष्टान्तिक नाही. गोष्ट संपते आणि ऐकणारा तसाच उभा राहतो. कलमवार खुलासा जोडलेला आहे तो मुख्यतः दोन दाखल्यांना, पेरणाऱ्याच्या आणि निदणाच्या, म्हणजे गव्हातल्या तणाच्या. त्यातही पेरणाऱ्याच्या खुलाशात वचनासाठी होणारा छळ आणि संपत्तीचा मोह यांचा जो उल्लेख येतो तो गालीलच्या तळ्याकाठच्या पहिल्या श्रोत्यांपेक्षा नंतर वसलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांना अधिक लागू पडतो. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या हस्तलिखितांत थॉमसच्या नावावरचे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या वचनांचा ग्रंथ, आहे. त्यात पेरणाराही आहे, निदणही आहे, खुलासा मात्र एकाचाही नाही. हे खुलासे आरंभीच्या मंडळीने केलेले दार्ष्टान्तिक आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. त्यांचा मान ठेवावा. पण त्यांच्या नमुन्यावर उरलेल्या तीसचाळीस दाखल्यांची कुलपे उघडायला जाऊ नये.

जर्मन अभ्यासक आडोल्फ यूलिशर याने १८८८ सालीच या यादीवाल्या वाचनाला सुरुंग लावला. दाखल्याचा मुद्दा एकच असतो, तपशिलांना स्वतंत्र अर्थ चिकटवू नका, असे त्याने बजावले. हे आवश्यकच होते. पण त्याच्या पद्धतीतही मुद्दा हाती आला की शेत टाकून द्यायचेच होते. पुढे १९३५ मध्ये ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉडने म्हटले की दाखल्यांत निसर्गाची व्यवस्था आणि आत्मिक व्यवस्था यांच्यात वरवरचे साम्य नसून आतले नाते आहे. इथे मी डॉडच्या बाजूने आहे. फक्त डॉडचे शेत मला जरा जास्तच शांत वाटते. तिथे पीक येते, पण वाटणी होताना दिसत नाही.

आता पेरणाऱ्याकडे पाहू. गालीलात ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला पाऊस पडला की पेरणी, मार्च-एप्रिलच्या सुमारास शेवटचा पाऊस, मग आधी जवाची आणि नंतर गव्हाची कापणी. बी हाताने फोकायचे. शहरी वाचक नेहमी विचारतो की हा माणूस वाटेवर, खडकावर, काट्यांत बी कशाला टाकतो, इतका गबाळा कसा? योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाने याचे उत्तर दिले होते की तिथे आधी पेरत आणि मग नांगरून बी मातीआड करत. शब्बाथाला, यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, निषिद्ध असलेल्या ३९ कामांची यादी मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात आहे, तिच्यात पेरणे आधी आणि नांगरणे नंतर येते. या उत्तरावर बराच वाद झाला, कारण पेरणीआधीच्या नांगरणीचेही पुरावे आहेत. पण माणूस गबाळा नाही, एवढे धरून चालायला हरकत नाही. डोंगरउतारावरच्या जमिनीत मातीचा थर कुठे हातभर, कुठे चार बोटे, आणि खाली कातळ. वरून ते दिसत नाही. पातळ माती लवकर तापते, म्हणून तिथले बी आधी उगवते आणि ऊन चढले की आधी करपते. ज्याने मुरमाड वावर कसले आहे त्याला यात कसलेही गूढ नाही.

गूढ आहे ते आकड्यांत. तीसपट, साठपट, शंभरपट. कोलुमेला हा रोमन शेतीलेखक म्हणतो की इटलीच्या बहुतेक भागात धान्य चौपट आले तरी विशेष. सिसेरो सिसिलीतल्या लेओन्तिनीच्या नामांकित जमिनीबद्दल सांगतो की तिथे आठपट चांगले पीक आणि देवाने साथ दिली तर दहापट. उलट वारो हा रोमन लेखक सिरियातल्या आणि आफ्रिकेतल्या काही जागी शंभरपट येत असल्याचे लिहितो, आणि उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाला दुष्काळाच्या वर्षी शंभरपट मिळते. यावरून एका पक्षाने ठरवले की येशूचे आकडे चमत्काराचे आहेत, दुसऱ्याने ठरवले की ते एका रोपाच्या दाण्यांचे असल्यामुळे साधेच आहेत. मला वाटते ते फार मोठ्या पिकाचे आकडे आहेत, पण पृथ्वीवरच्या पिकाचे. याच काळाच्या आसपास येणाऱ्या युगाची वर्णने फिरत होती. पापियास या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाच्या नावावर नोंदलेल्या एका वर्णनात प्रत्येक वेलीला दहा हजार फांद्या येणार आहेत. त्याच्या शेजारी शंभरपट गहू ठेवून पाहा, म्हणजे दाखला जमिनीवर किती घट्ट उभा आहे ते कळेल.

याहून महत्त्वाचा हिशोब वेगळाच आहे. पीक चौपट येत असेल तर त्यातला चौथा हिस्सा पुढच्या वर्षीच्या बियाण्याला ठेवावा लागतो. उरलेल्यातून खंड, कर, मंदिराचा दशमांश, आणि मग घर. पेरणीच्या दिवशी हातातून सुटणारी मूठ ही घरातल्या पोरांच्या तोंडून काढलेली असते. १२६व्या स्तोत्रात बी घेऊन रडत जाणारा माणूस आहे, तो उगीच रडत नाही. श्रोत्याला वाटेवर सांडलेले बी हे 'निबर मन' म्हणून ऐकू आले नसणार. त्याने ते नुकसान म्हणून ऐकले असणार. आणि शंभरपट ऐकल्यावर त्याच्या मनात पहिला प्रश्न आला असेल तो हा, की यातले मला किती? ज्या राज्याची गोष्ट येशू सांगत होता ते राज्य या प्रश्नाला वळसा घालून समजेल असे मला वाटत नाही.

मोहरीच्या दाण्याभोवती एक निरर्थक भांडण कायम चालू असते. मोहरी हे जगातले सर्वांत लहान बी नाही, ऑर्किडचे बी धुळीसारखे असते, म्हणून बायबल चुकले, असे एकजण म्हणतो. दुसरा बायबल वाचवण्यासाठी वनस्पतिशास्त्राची ओढाताण करतो. दोघांनी वेळ वाया घालवला. लहानात लहान परिमाण सांगायला मोहरी वापरणे ही त्या काळच्या यहुदी बोलण्यातली रीत होती. छांदोग्य उपनिषदातही हृदयातला आत्मा तांदळाहून, जवाहून, मोहरीहून लहान म्हटला आहे आणि तिथे कुणी फूटपट्टी घेऊन जात नाही.

खरी गंमत पुढे आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या १७व्या अध्यायात देव गंधसरूचा कोवळा शेंडा खुडून उंच डोंगरावर लावतो, त्याचा भव्य वृक्ष होतो आणि सर्व जातींची पाखरे त्याच्या छायेत राहतात. दानीएलच्या पुस्तकात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचे साम्राज्य हेच आकाशाला भिडणारे, पाखरांना आश्रय देणारे झाड आहे, आणि ते तोडले जाते. राज्य, झाड, फांद्यांत पाखरे, हे शब्द ऐकताच श्रोत्याच्या डोळ्यांपुढे लबानोनचा गंधसरू आला असणार. येशू त्या जागी मोहरी आणून ठेवतो. तळ्याच्या परिसरातली काळी मोहरी पुरुषभर उंचीच्याही वर जाते, पण ती झाड नव्हे. शुभवर्तमानकार मार्क तिला भाजीच्याच वर्गात ठेवतो. मत्तय आणि लूक या दुसऱ्या दोघा शुभवर्तमानकारांना राहवत नाही आणि ते तिचे झाड करून टाकतात. मला मार्कची मोहरी जास्त खरी वाटते, कारण गंधसरू शतकानुशतके उभा राहतो आणि मोहरी एका हंगामात मरते. जिला दर वर्षी नव्याने उगवावे लागते अशा रोपाशी देवाच्या राज्याची तुलना करणे, हे साम्राज्याची स्वप्ने पाहणाऱ्यांना आवडण्यासारखे नव्हते. चर्चलाही पुढे आवडले नाही. चर्चने आपली शिखरे बांधली ती गंधसरूच्याच थाटात.

दुसरी गोष्ट मोहरीच्या खोडीची. रोमन लेखक प्लिनी लिहितो की एकदा पेरली की जागा तिच्यापासून मोकळी करणे अवघड, कारण दाणा पडल्यापडल्या रुजतो. मिश्नातल्या नियमाप्रमाणे मोहरी भाजीच्या वाफ्यात लावायची नाही, शेतात लावायची. मत्तयाचा माणूस ती शेतात पेरतो. लूकचा माणूस मात्र बागेत लावतो. लूकचे वाचक ग्रीक भाषिक, शहरांतले. वाफ्याचा हा नियम लूकच्या ध्यानात नसावा. काही आधुनिक अभ्यासक इथे फार रंगतात आणि मोहरीला बंडखोर तण करून टाकतात. इतके ताणायचे कारण नाही. लोक तिची लागवड करत होते, तेल काढत होते, औषधाला वापरत होते. हवी असलेली, पण हाताबाहेर जाणारी वनस्पती, असे म्हणावे.

आणि पाखरे? यादीवाल्या वाचनाचे पितळ इथे उघडे पडते. मार्कच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी वाटेवरचे बी टिपणारी पाखरे आहेत, खुलासा सांगतो की ती म्हणजे सैतान. त्याच अध्यायात थोडे पुढे पाखरे मोहरीच्या सावलीला येतात. चिन्हांचा कोश पक्का धरला तर देवाच्या राज्यात सैतानाची वस्ती झाली. कुणाला वाटेल मी थट्टा करतो आहे, पण असा अर्थ खरोखर लावणारे व्याख्याकार होऊन गेले आहेत. त्यांच्या मते मोहरीची वाढच विकृत आहे आणि ती भ्रष्ट चर्चचे भाकीत आहे. शेतकऱ्याला यात अडचण नाही. पेरणीच्या दिवशी पाखरू चोर असते आणि उन्हाळ्यात बांधावरच्या सावलीत तेच पाखरू बसले तर कुणी हाकलत नाही.

आता निदण. मत्तयाच्या १३व्या अध्यायात एक माणूस गहू पेरतो, रात्री वैरी येऊन त्यात निदण पेरून जातो. रोपे निसवल्यावर चाकरांच्या लक्षात येते. उपटून टाकू का, असे ते विचारतात. मालक म्हणतो, नको, निदणाबरोबर गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या.

हे निदण म्हणजे बहुधा लोलियम टेम्युलेंटम हे गवत. कणीस येईपर्यंत ते गव्हासारखेच दिसते. त्याच्यात वाढणाऱ्या बुरशीमुळे दाणे विषारी होतात, पिठात गेले तर घेरी येते, दृष्टी अंधुक होते. दुसऱ्याच्या उभ्या पिकात असले तण पेरणाऱ्यावर दावा कसा चालवायचा याची चर्चा रोमन कायद्यात आहे, म्हणजे वैऱ्याची करामत कल्पनेतली नव्हती. कोणत्याही खुरपणाऱ्या बाईंना विचारा: पिकासारखे दिसणारे तण पोटरीच्या आधी ओळखू येत नाही, आणि ओळखू येईल तोवर मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. मालकाचा निर्णय दयेपोटी घेतलेला नाही, तो शेतीतला शहाणपणा आहे. एरवी निदण उपटतच असत. इथे ते इतके माजले आहे की उपटण्यात पिकाचाच घात.

या एका गोष्टीवरून ख्रिस्ती जग हजार-दीड हजार वर्षे भांडले. निदण म्हणजे पाखंडी, हे समीकरण ठरून गेले. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्टोम या धर्मोपदेशकाने सांगितले की पाखंड्यांची तोंडे बंद करा, त्यांच्या सभा मोडा, पण त्यांना मारू नका, कारण आज जे निदण आहेत त्यांतले पुष्कळ उद्या गहू होऊ शकतात. ऑगस्टीनने आधी मन वळवण्यावर भर दिला आणि पुढे डोनाटवादी या फुटीर ख्रिस्ती पंथावर बळजबरी योग्य ठरवली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने वाट मोकळी केली. त्याचे म्हणणे असे की गहू उपटला जाण्याची भीती असेल तिथेच ही आज्ञा लागू. तशी भीती नसेल तर पाखंड्याला मृत्युदंड देणे प्रभूच्या आज्ञेविरुद्ध नाही. १५५३ मध्ये जिनिव्हात मिगेल सर्व्हेटसला पाखंडी ठरवून जाळले तेव्हा पुढच्याच वर्षी सेबास्तियान कास्तेलिओने पाखंड्यांना शिक्षा देण्याविरुद्ध ग्रंथ काढला, त्यातल्या युक्तिवादांत हा दाखला आहे. १६४४ मध्ये रॉजर विल्यम्सने त्याचाच आधार घेऊन लिहिले की शेत म्हणजे जग, चर्च नव्हे. राज्यसत्तेने कुणाच्या श्रद्धेला हात लावू नये.

यात बरोबर कोण, हे तत्त्वज्ञानाने ठरवायला गेलात तर अक्वायनस तर्कात पक्का आहे. अट आहे, अट सुटली, आज्ञा सुटली. पण त्याला शेतात उभे करा. भीती नसेल तर, हे ठरवणार कोण? चाकर. दाखल्यात सर्वांत जास्त खात्री त्यांनाच आहे, आणि मालकाला भरवसा नाही तो त्यांच्याच नजरेचा. गहू धोक्याबाहेर आहे हे उपटणाऱ्याला कधीच आधी कळत नाही, हाच तर त्या पिकाचा धर्म. अक्वायनसने झाडपाल्याचा तपशील अट म्हणून वापरला. शेतात ती अट नव्हती, वस्तुस्थिती होती.

याहून मोठी एक गोष्ट मिश्नात दडली आहे. वेगवेगळ्या जातींचे बी एकत्र पेरू नये असा यहुदी नियमशास्त्राचा दंडक. कोणती बियाणी एकमेकांना परकी धरायची नाहीत याची यादी देताना मिश्ना आरंभीच सांगतो की गहू आणि निदण यांचे एकत्र येणे दोषाचे नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे निदण हा बिघडलेला गहूच. ग्रीक आणि रोमन लेखकांतही गव्हाचे निदण होते ही समजूत आढळते. वनस्पतिशास्त्र म्हणून ते चूक आहे. पण ज्यांनी ही गोष्ट ऐकली त्यांच्या मनात निदण हे गव्हाचे भाऊबंद होते, मुळातच निराळी आणि कायमची दुष्ट जात नव्हती. क्रिसोस्टोमचे निदण पुन्हा गहू होऊ शकते, ते या जगात शोभते. 'आपले' आणि 'परके' असे जन्माने ठरलेले दोन गट या दाखल्यातून काढणाऱ्यांना ते शोभत नाही.

निदण शेवटी जाळले जाते आणि मत्तयाच्या खुलाशात त्याची अग्नीची भट्टी होते, हे खरे. मी ते लपवत नाही. पण ते काम चाकरांचे नाही, कापणाऱ्यांचे आहे, आणि आज नव्हे, कापणीला. शिवाय सरपणाची टंचाई असलेल्या मुलखात तणाच्या पेंढ्या बांधून जाळणे हे रोजच्या चुलीचे काम होते. त्यावरून धर्मपीठाच्या सरणापर्यंत पोचायला शेत विसरावेच लागते.

हिरव्या वाचनाचेही असेच. १९६७ साली लिन व्हाइट या इतिहासकाराने 'सायन्स' नियतकालिकात लेख लिहून पर्यावरणाच्या संकटाचे खापर पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर फोडले. तेव्हापासून अनेक ख्रिस्ती विचारवंत बायबलातली हिरवळ शोधत आहेत. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रकातही चिमणी आणि मोहरी येतात. त्या दस्तऐवजाबद्दल मला आदर आहे, विशेषतः पर्यावरण आणि गरिबी यांची गाठ तो सोडत नाही म्हणून. पण फुलांच्या वचनावर थांबणाऱ्यांनी तेच वाक्य पुढे वाचावे. शलमोनाहून सुंदर नटलेले ते रानगवत उद्या भट्टीत पडणार आहे, असे येशू म्हणतो. त्याला त्याची हळहळ नाही. गवत चुलीतच जाते. मार्कच्या पाचव्या अध्यायात सुमारे दोन हजार डुकरे तळ्यात बुडतात आणि अकराव्यात हंगाम नसताना फळ न दिलेले अंजिराचे झाड वाळते. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९२७ च्या व्याख्यानात या दोन्ही गोष्टी येशूच्या विरोधात मांडल्या होत्या. येशूला निसर्गप्रेमी ठरवणाऱ्यांनी त्याला आधी उत्तर द्यावे.

माझ्या मते पर्यावरणाशी खरोखर भिडणारा दाखला फुलांचा नाही. तो मार्कमधला छोटासा, इतर कुठल्याच शुभवर्तमानात नसलेला दाखला आहे. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो. बी कसे वाढते ते त्याला कळत नाही. भुई आपोआप देते, आधी पात, मग कणीस, मग भरलेला दाणा. हे ऐकणाऱ्या यहुद्याला लेवीय या नियमशास्त्राच्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातले सातवे वर्ष आठवल्यावाचून राहिले नसेल. त्या वर्षी पेरायचे नाही, छाटायचे नाही. जे आपसूक उगवेल ते मालक, दास, मोलकरी, परदेशी, गुरे आणि रानातली जनावरे या सगळ्यांचे. जमीन थकते, तिला विसावा हवा, आणि तिचे आपसूक उत्पन्न एकट्या मालकाचे नाही, हा कायदा आहे. त्यात फुलांचे कौतुक नाही, हक्कांची वाटणी आहे. पाणी, वाळू, गायरान यांवर चाललेल्या भांडणांत उपयोगी पडेल ते हेच.

मालकीचा प्रश्न दाखल्यांतून वगळताच येत नाही, कारण तो सगळीकडे आहे. द्राक्षमळा लावून, कुंपण घालून, तो खंडाने देऊन परदेशी गेलेला मालक. दिवसभर चौकात कामाची वाट पाहणारे मजूर. तेल आणि गहू यांच्या प्रचंड थकबाकीचे कागद बदलणारा कारभारी. इ.स. ६६ मध्ये रोमविरुद्ध बंड झाले तेव्हा बंडखोरांनी यरुशलेमातले कर्जरोख्यांचे दफ्तर जाळले, असे यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या दफ्तराचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात रूपक आहेच, हे मला मान्य आहे. यशयाच्या पाचव्या अध्यायातले मळ्याचे गीत त्यामागे आहे आणि तिथे मळा म्हणजे इस्राएल असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा मी रूपकाला बंदी घालत नाही. पण चर्चने त्या दाखल्यातून दुष्ट कुळे म्हणजे यहुदी एवढेच उचलले आणि त्याची किंमत यहुद्यांनी शतकानुशतके मोजली. यशयाचे गीत संपताच पुढचे वचन काय आहे? घराला घर आणि शेताला शेत जोडत जाऊन इतरांना जागाच न ठेवणाऱ्यांचा धिक्कार. मळ्याच्या रूपकाला लागूनच जमीन गिळणाऱ्यांची गोष्ट आहे, आणि ती प्रवचनांत क्वचितच येते.

मराठी ख्रिस्ती समाजात धर्मग्रंथ आणि जमीन या दोन टोकांना जोडणारा एक माणूस होऊन गेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिले आणि हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात वसईच्या वाड्या, शेते आणि विहिरी यांच्यासाठी ते रस्त्यावरही उतरले. त्यांच्यावर धर्मगुरूने राजकारणात पडू नये अशी टीका झाली. ही टीका करणाऱ्यांना दाखल्यांतले शेत मनाचे रूपक म्हणूनच हवे असते. वाडी बिल्डरच्या नावावर झाल्यावरही मनाच्या मशागतीवरचे प्रवचन तसेच चालू शकते, ही त्या वाचनाची सोय आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: असे वाचले तर अध्यात्म उरत नाही, शेतीचा इतिहास उरतो. लूकच्या बाराव्या अध्यायातला श्रीमंत माणूस घ्या. त्याच्या जमिनीला उदंड पीक येते. तो स्वतःशीच बोलतो: माझे धान्य, माझी कोठारे, माझा जीव. त्याच रात्री तो मरतो. यावर मरणाची आठवण ठेवा असे प्रवचन होते, आणि ते खोटे नाही. पण गोष्टीत पीक 'जमिनीला' आले आहे, आणि ते कापून आणणारे मजूर कुठेच नाहीत. इतक्या धान्यासाठी कोठारे पाडून मोठी बांधायची तर माणसे लागणार, तरी त्याच्या बोलण्यात दुसरा एकही माणूस नाही. बाजारात भाव चढेपर्यंत धान्य दाबून ठेवणारा गावोगाव असतो. श्रोत्यांनी त्याला लगेच ओळखले असणार. त्याच्या एकटेपणात आणि त्याच्या साठेबाजीत फरक करता येत नाही. देव त्याला मूर्ख म्हणतो आणि विचारतो, हे सारे कुणाचे होणार? वारसांबद्दलचा प्रश्न म्हणून तो सहज वाचला जातो. ज्यांनी ते पीक कापले त्यांनी तो दुसऱ्या तऱ्हेनेही ऐकला असेल, आणि त्यांचे ऐकणे कमी आध्यात्मिक होते असे म्हणायला मी तयार नाही.